क्रिकेट किट, सायकल आणि विमानाचा पंधरा किलोचा काटा

आमच्या हॉलच्या दाराला एक डिजिटल लगेज काटा कायमचा लटकलेला असतो. लेक क्रिकेट खेळते आणि मला सायकलचं वेड आहे, त्यामुळे वर्षातून चार-पाच वेळा घरातलं कोणी ना कोणी भलंमोठं धूड घेऊन लोहगाव एअरपोर्टवर उभं असतं. सुरुवातीला भरपूर पैसे घातलेत, आता बऱ्यापैकी शहाणे झालोय. ओळखीचे पालक सारखे विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी मूळ हिशोब. देशांतर्गत इकॉनॉमीच्या साध्या तिकिटावर चेक-इनला १५ किलो आणि हातात एकच बॅग, ७ किलोची. पूर्वी एअर इंडिया २० किलो द्यायची, ते २०२४ पासून स्वस्तातल्या तिकिटावर १५ झालं, त्यामुळे "एअर इंडियाला जास्त चालतं" हे काकालोकांचं ज्ञान आता सरसकट धरू नका. महागातलं तिकीट घेतलं तर जास्त मिळतं, पण आपण कुठे घेतो. आणि हल्ली 'नो चेक-इन बॅगेज'वालं तिकीट पण निघालंय, घाईघाईत सगळ्यात स्वस्त दिसलं म्हणून ते काढलं की १५ च्या जागी शून्य, मग किट बॅगेचा प्रत्येक किलो विकतचा.

खेळाच्या सामानाला वेगळी सूट मिळते हा एक मोठा गैरसमज आहे. बहुतेक ठिकाणी तसं काही नसतं. बॅट असो की लग्नातली भांडी, काट्याला काही फरक पडत नाही. उलट सायकल, गोल्फ किट, सर्फबोर्ड असलं मोठं काही असेल तर काही एअरलाइन्स वजनाच्या वर आणखी ठरावीक चार्ज लावतात. तो चार्ज साइटवर 'स्पोर्ट्स इक्विपमेंट' किंवा 'स्पेशल बॅगेज'च्या पानात दडलेला असतो, तिकीट काढायच्या आधी ते पान उघडून बघा, कारण दोनशे रुपये स्वस्त तिकीट घेऊन दोन हजार तिकडे घालवण्यात काही अर्थ नाही.

आता आमची फजिती सांगतो, कारण नियम वाचून जे कळलं नाही ते तिथे कळलं. लेकीची पहिली बाहेरगावची टूर होती. मी रात्री दोनदा वजन केलं, किट बॅग साडेदहा किलो, कपड्यांची छोटी सॅक पावणेचार किलो, एकूण सव्वाचौदा. म्हटलं वा, पाऊण किलो हातात राहिला. काउंटरवर दोन्ही बॅगा पट्ट्यावर ठेवल्या, ती मुलगी स्क्रीनकडे बघून म्हणाली, "सर, पीस दोन आहेत." मी म्हटलं वजन तर आत आहे ना. "हो सर, पण अलाउन्स एकाच पीसचा आहे, दुसऱ्याचा चार्ज वेगळा." मागे रांग, लेकीचं तोंड एवढंसं झालेलं, तिचे कोच लांबून हाक मारतायत, भरले पैसे. सामान १५ किलोच्या आत असून पैसे भरले याचं दुःख अजून आहे. तर लक्षात ठेवा, १५ किलो म्हणजे बऱ्याच ठिकाणी एकच नग, १५ किलोचा. दोन बॅगा न्यायच्याच असतील तर दुसऱ्या नगाचे पैसे आधी ऑनलाइन भरा, नाहीतर दोन्हींची एक करा. काही एअरपोर्टवर प्लॅस्टिक गुंडाळून देणारे असतात, दोन बॅगा एकत्र गुंडाळून एक नग होतो का असं लोक विचारतात. काउंटरवरच्या माणसाच्या मूडवर आहे, मी भरवसा ठेवणार नाही.

नंतर किट वाढल्यावर मी घरी सगळं सामान एकेक करून मोजलं. बायको म्हणाली वेड लागलंय, पण यातूनच खरी गोष्ट कळली. दोन बॅटी मिळून २.३ किलो, पॅड्स १.६, हेल्मेट ९०० ग्रॅम, ग्लोव्हजच्या दोन जोड्या ७००, थाय पॅड वगैरे अर्धा किलो, स्पाइक्स आणि रबरी सोलचे शूज मिळून दीड, ग्रिप-टेप-बाटली असलं किरकोळ अर्धा किलो, पाच प्रॅक्टिसचे बॉल ८००. आणि रिकामी किट बॅग? ४.६ किलो! ती चाकंवाली, आत प्लॅस्टिकच्या पट्ट्या असलेली, खांद्याएवढी उंच बॅग, जी आपण हौसेने वाढदिवसाला घेऊन देतो. आठ दिवसांचे कपडे ३.५ किलो धरले तर एकूण १६.९. म्हणजे सामान जास्त नव्हतंच, बॅगच खात होती. साधी चाकं नसलेली डफल घेतली १.७ किलोची, त्याच सामानाचं वजन झालं १४ किलो. बॉल काढले (ते टीमकडे असतातच, प्रत्येकाने पाच-पाच न्यायची काय गरज) तर १३.२. चाकं नाहीत म्हणून लेक कुरकुरते, पण एअरपोर्टवर ट्रॉली फुकट असते आणि ग्राउंडवर उचलायला वय आहे तिचं.

म्हणून पहिला सल्ला हाच, सामान कमी करत बसू नका, आधी रिकाम्या बॅगेचं वजन करा.

काट्याबद्दल थोडं. हातात धरायचा डिजिटल काटा कुठेही मिळतो, महाग नसतो. नसेल तर बाथरूममधला वजनकाटा, बॅग घेऊन उभं राहायचं आणि मग बॅगेशिवाय, वजाबाकी करायची. किराणा दुकानदाराकडे ताणकाटा असेल तर तोही चालतो, आमच्या गल्लीतल्या भंगारवाल्याकडे तर सगळ्यात चोख काटा आहे. कोणताही असो, अर्धा किलो मोकळा सोडा कारण तुमचा काटा आणि त्यांचा काटा कधीच जुळत नाही. काउंटरवर तीन-चारशे ग्रॅम जास्त निघाले तर सहसा काही बोलत नाहीत, पण तो त्यांचा चांगुलपणा, आपला हक्क नव्हे.

परतीचं वजन जाण्यापेक्षा जास्त असतं हे कोणी सांगत नाही. घामाने ओले पॅड्स, न वाळलेले कपडे, स्पाइक्सना लागलेली माती, वरून आजीसाठी घेतलेली मिठाई आणि जिंकले तर ट्रॉफी. ऑनलाइन घेतलेलं जादा बॅगेज हे त्या एका फ्लाइटपुरतं असतं, जाताना घेतलं म्हणून येताना आपोआप लागू होत नाही, येतानाचं वेगळं घ्यावं लागतं, यात भलेभले फसतात. काश्मीरला फिरायला गेलेली मंडळी तर अनंतनागकडे संगमच्या रस्त्यावर बॅटींची दुकानं बघून हमखास दोन-तीन उचलतात, आणि मग श्रीनगर एअरपोर्टवर कळतं की बॅट हातातल्या बॅगेत चालत नाही.

ते तर अजिबातच चालत नाही. क्रिकेट बॅट, हॉकी स्टिक, गोल्फ क्लब, धनुष्यबाण, बिलियर्ड्सची क्यू, हे सगळं चेक-इनमध्येच. स्पाइक्स आणि बॉल पण मी चेक-इनलाच टाकतो, सिक्युरिटीवाल्याशी लेदर बॉलवर चर्चा करायची माझी तयारी नाही. हातात काय न्यायचं तर हेल्मेट, ग्लोव्हज, जर्सी, म्हणजे जागा खातं पण वजन नसतं असलं सामान, आणि शक्य तर एक मॅचचा ड्रेस, चेक-इन बॅग मागे राहिली तरी पोरगी निदान मैदानावर उभी तरी राहील. सगळ्यात जड बूट पायात घालायचे. हे कंजूषपणाचं वाटेल पण सातशे ग्रॅम वाचतात.

पैसे कधी भरायचे हा खरा मुद्दा. काउंटरवर जादा वजनाचा दर किलोला साधारण पाचशे ते सातशेच्या घरात असतो (बदलत राहतो, तुम्ही जाल त्या दिवशीचा बघा), आणि तेच आधी ॲपवरून घेतलं तर स्वस्त पडतं. पण ते ३, ५, १० किलो अशा टप्प्यांत विकतात. म्हणजे दोनच किलो जास्त असेल तरी ३ किलोचा टप्पा घ्यावा लागतो, तरीही एअरपोर्टपेक्षा परवडतं. आणि टप्पा विकत घ्यायची वेळ फ्लाइटच्या काही तास आधी संपते, कॅबमध्ये बसल्यावर ॲप उघडून उपयोग नाही. कॉलेजात शिकणारं पोर असेल तर स्टुडंट फेअर बघा, त्यात बऱ्याच एअरलाइन १० किलो जादा देतात, फक्त आयडी कार्ड दाखवावं लागतं. आमच्या टीममधल्या मोठ्या मुली सर्रास तेच काढतात.

टीमने जात असाल तर सगळ्यांची तिकिटं एकाच पीएनआरवर काढा. मग बऱ्याचदा वजन एकत्र धरतात, कोणाची १७ किलो, कोणाची १२, सगळं मिळून बसतं. वेगवेगळी तिकिटं असतील तर शेजारच्या मुलीच्या कोट्यात तुमचे तीन किलो जात नाहीत, कितीही गोड बोला. फक्त एकत्र वजन धरलं तरी कोणताही एक नग ३२ किलोच्या वर घेत नाहीत, बॅगा उचलणाऱ्या माणसाच्या कंबरेसाठी केलेला नियम आहे तो आणि तो जगभर चालतो. कोचने सगळ्या टीमचे स्टंप, बॉल आणि कोन एकाच पोत्यात भरले की हा नियम आडवा येतो.

आता सायकल. इथे वजनापेक्षा आकार त्रास देतो.

सायकलचा पुठ्ठ्याचा खोका साधारण १३५ × ७५ × २२ सेंटीमीटरचा असतो. कुठल्याही सायकलच्या दुकानात मागितला तर मिळतो, नवीन सायकली त्यातच येतात, दोन दिवस आधी सांगून ठेवा नाहीतर ते फाडून रद्दीत देतात. खोका ४ किलो, माझी ॲल्युमिनियमची सायकल ११.५, म्हणजे साडेपंधरा. हार्ड केस असेल तर केसच १०-१२ किलोची, सायकलएवढीच! एक-दोनदा उड्डाण करणाऱ्याने हार्ड केसच्या नादी लागू नये असं माझं मत आहे. लाखांची कार्बन सायकल असेल तर गोष्ट वेगळी, पण मग तुम्ही जादा किलोचे पैसे भरताना रडणार पण नाही.

लोक म्हणतात विमानात एवढे पैसे देण्यापेक्षा एअर कुरिअरने पाठवतो. थांबा, हिशोब करा. कुरिअरवाला खरं वजन आणि आकारमानाचं वजन यातलं जे जास्त असेल त्यावर पैसे घेतो. आकारमानाचं वजन म्हणजे लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५०००. वरच्या खोक्याचं ४४ किलोच्या वर जातं, सायकल साडेपंधराची असून! विमानात सोबत नेलेल्या सामानाला काट्यावरचं खरं वजनच धरतात, म्हणून सोबत नेणं बऱ्याचदा स्वस्त. रेल्वे पार्सल त्याहून स्वस्त आहे पण वेळेचा भरवसा तुमचा तुम्ही. आणि पुण्याहून गोव्याला रेससाठी जाणारे असाल तर विमानाचा विचारच करू नका, खाजगी बसच्या डिकीत सायकल आडवी जाते, क्लीनरच्या हातात काहीतरी टेकवायचं.

तिकीट काढल्यावर कस्टमर केअरला फोन किंवा चॅट करून सायकल आहे हे सांगा, खोक्याची मापं द्या आणि उत्तराचा स्क्रीनशॉट ठेवा. कारण काउंटरवर "सायकल नाही घेत" असं म्हणणारा एखादा नवखा भेटतोच, त्याला तो स्क्रीनशॉट दाखवायचा. विमान कुठलं आहे तेही बघा. नाशिक, जळगाव, कोल्हापूरसारख्या ठिकाणी छोटी विमानं येतात, पंख्याचं एटीआर असेल तर सामानाची जागा छोटी, एवढा खोका जाईलच असं नाही. तिथून निघायचं असेल तर पुणे-मुंबई गाठून मोठ्या विमानाने गेलेलं बरं.

पॅकिंगचं फार लांबवत नाही. पेडल काढा (डावं उलट फिरतं, विसरलात तर घाम निघेल), पुढचं चाक काढा, हँडल वळवून फ्रेमला बांधा, सीट खाली करा किंवा काढा, मागचा डिरेलर (गिअर बदलताना चेन सरकवतो तो भाग) सोडवून फ्रेमच्या आत बांधून टाका. फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या) दोन टोकांमध्ये प्लॅस्टिकचा आधार घालायला विसरू नका, तो दुकानदार खोक्याबरोबर फुकट देतो. डिस्क ब्रेक असतील तर पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठ्याचा तुकडा, प्रवासात लिव्हर दाबला गेला की पॅड चिकटून बसतात. नळ्यांना एसीच्या पाइपाचं काळं फोम चढवा. नट-स्क्रू सगळे एका झिपच्या पिशवीत आणि पिशवी फ्रेमला चिकटवलेली, सुटी ठेवली तर खोक्याच्या फाटक्या कोपऱ्यातून निघून जाते.

टायरमधली हवा काढा म्हणतात. खरं सांगायचं तर ट्यूब फुटायची भीती फारशी नाही, बाहेर अगदी निर्वात पोकळी असली तरी १०० पीएसआयच्या टायरवर आणखी १५ पीएसआय एवढाच फरक, आणि सामानाच्या खोलीतला दाब तर इतका उतरतही नाही. पण काउंटरवर उभं राहून फिजिक्स शिकवायचं नसतं, थोडी हवा सोडा आणि "हो काढली" म्हणा. पूर्ण सपाट करू नका, रिमला मार बसतो.

हवा भरायचे छोटे सीओटू सिलिंडर घरीच ठेवा, सिक्युरिटीत काढून घेतात आणि वाद घालून उपयोग होत नाही, साधा हातपंप न्या. ॲलन की, मल्टीटूल चेक-इनमध्ये. पॉवर बँक, दिव्यांच्या सुट्या बॅटऱ्या मात्र उलट, त्या हातातल्या बॅगेतच, चेक-इनमध्ये सापडल्या तर नाव पुकारून बोलावतात आणि खोका उघडायला लावतात. टेप आणि कात्रीने तासभर केलेलं पॅकिंग त्यांच्यासमोर फोडायचं हे दृश्य मी दुसऱ्याच्या बाबतीत पाहिलंय, बिचारा रडायचा बाकी होता. म्हणून टेपचा एक रोल बाहेरच्या कप्प्यात असू द्या. इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी १६० वॉट-अवरच्या वर असते, ती प्रवासी विमानात कुठेच चालत नाही, विषय संपला.

काउंटरवर 'फ्रॅजाइल'चा स्टिकर लावतात आणि बरोबर एक 'लिमिटेड रिलीज'चा टॅग पुढे करून सही मागतात. सही केली की मोडतोडीची जबाबदारी बऱ्यापैकी तुमच्यावर आली. सही न करता सामान घेतील असं होत नाही, पण निदान आधी खोक्याचे चारी बाजूंनी फोटो काढून ठेवा. आणि देशांतर्गत प्रवासात सामान हरवलं-मोडलं तर एअरलाइनची जबाबदारी जास्तीत जास्त २०,००० रुपये. चांगल्या इंग्लिश विलोची एक बॅटच त्याहून महाग असते, म्हणून महागड्या वस्तूसाठी प्रवास विमा काढताना 'स्पोर्ट्स इक्विपमेंट' कव्हर आहे का ते वाचा. परदेशी प्रवासात ही मर्यादा डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक) आहे, म्हणजे रुपयांत लाखाच्या वरच, पण नुकसानीची लेखी तक्रार ७ दिवसांत करावी लागते.

परदेशाचं थोडक्यात. अमेरिकेकडे जाताना हिशोब नगावर, सहसा २३ किलोच्या दोन बॅगा आणि प्रत्येकीची लांबी-रुंदी-उंची मिळून १५८ सेंटीमीटर. आखाताकडे बऱ्याचदा एकूण किलोवर चालतं, आणि एमिरेट्स, कतारसारख्या एअरलाइन्स खेळाचं सामान तुमच्या कोट्यातच धरतात. लुफ्तान्सासारख्या युरोपातल्या कंपन्यांकडे सायकल आधी नोंदवावी लागते आणि तिचा वेगळा चार्ज असतो. महाग सायकल बाहेर नेणार असाल तर निघताना एअरपोर्टवर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्या, नाहीतर परत येताना "ही तिकडून विकत आणली नाही कशावरून" याचं उत्तर देत बसावं लागतं. बिल असेल तर तेही मोबाइलमध्ये ठेवा.

आणि न्यू जर्सीच्या आत्यासाठी कॅरम बोर्ड नेणाऱ्यांनो, २९ इंची बोर्ड फ्रेमसकट ८९ सेंटीमीटर चौरस असतो, ८ सेंटीमीटर जाडीचं पॅकिंग धरलं तर बेरीज १८६. १५८ च्या वर गेलात, ओव्हरसाइजचा दंड बोर्डाच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. सोंगट्या, स्ट्रायकर आणि पावडर न्या, बोर्ड तिकडे घेऊ दे त्यांना.

लेहचं वेगळं सांगायला हवं कारण सायकलवर मनाली-लेह करून परत विमानाने येणारे बरेच असतात. तिथला एअरपोर्ट सव्वातीन हजार मीटरवर आहे, हवा विरळ, त्यामुळे विमान पूर्ण वजन घेऊन उडू शकत नाही आणि दुपारी ऊन तापलं की आणखी अवघड, म्हणून बहुतेक फ्लाइट्स सकाळीच असतात. वजन जास्त झालं की सामान मागे ठेवतात, आणि मागे ठेवायची वेळ आली की तुमचा सायकलचा खोका पहिला दिसतो. माझा तसाच दुसऱ्या दिवशी आला. म्हणून लेहहून निघताना शेवटच्या फ्लाइटची घाई असलेला कार्यक्रम ठेवू नका, आणि दिल्लीला पुढची फ्लाइट वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये भरपूर वेळ सोडा. खोका जाताना लेहच्या हॉटेलात पाठवून ठेवला तर उत्तम, नाहीतर तिथे सायकलच्या किंवा टीव्हीच्या दुकानात दोन खोके जोडून काम भागवावं लागतं.

उतरल्यावर सायकल पट्ट्यावर येत नाही. सगळ्यांच्या बॅगा येऊन जातात, पट्टा थांबतो, तुम्हाला वाटतं गेली. ती ओव्हरसाइजच्या दारातून येते, एखादा लोडर ढकलत आणतो, कधी वीस मिनिटांनी. घेतल्यावर तिथेच, बाहेर पडायच्या आधी, खोका उघडून फ्रेम, डिरेलर आणि चाकं बघा, काही मोडलं असेल तर एअरलाइनच्या डेस्कवर तक्रार नोंदवून पीआयआर म्हणतात तो कागद घ्या. एकदा दाराबाहेर गेलात की कोणी ऐकत नाही. सगळ्यात आधी वाकतो तो मागच्या डिरेलरचा हँगर, म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारी छोटी पट्टी, आणि तो प्रत्येक सायकलचा वेगळा असतो, गावोगावच्या दुकानात तुमच्या मॉडेलचा मिळेलच असं नाही. म्हणून एक स्पेअर हँगर सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा, वजन वीस-तीस ग्रॅम, त्याचे पैसे कोणी मागत नाही.